डोंगरात घोड्यासोबत रात्र काढली आहे? अनुभव लिहा

रपेटीबद्दल पुष्कळ वाचायला मिळतं. मला हवंय ते घोड्यावरून उतरल्यापासून सकाळी निघेपर्यंतचं. सुरुवात मी करते.

मुक्कामाचा शेवटचा टप्पा आम्ही खोगिराचा पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, सैल करून पायी उतरलो, म्हणजे घोडे गार होऊनच पोचले. तंबू नंतर. खोगीर काढल्यावर पाठ घामाने सारखी भिजलेली हवी. मध्येच कोरडा डाग दिसला तर तिथे खोगीर दाबतंय. माझ्या घोडीच्या खांद्यामागे तसा बोटभर डाग होता. सकाळी खालच्या कांबळ्याची घडी बदलली, मगच निघालो. जागा निवडताना पाणी आधी बघा, घोड्याला दिवसाला २० ते ४० लिटर लागतं. पण तळ मात्र ओढ्यापासून लांब टाका.

---

बांधण्याबद्दल लिहितो. दोन झाडांमध्ये डोक्याच्या वर आडवा दोर ताणायचा आणि खोडाला रुंद पट्टा गुंडाळायचा, नाहीतर रात्रभरात साल सोलवटते. घोड्याची दोरी एवढीच लांब ठेवा की तोंड गवताला टेकेल, पाय अडकणार नाही. गाठ एका ओढीत सुटणारी. आणि पायबंद घातला की घोडा जागचा हलत नाही, यावर विश्वास ठेवू नका. पुढचे दोन्ही पाय एकदम उचलून तो बघता बघता टेकडीपार जातो! आमच्याकडे चरायला आळीपाळीने सोडत. एकदोन घोडे बांधलेले असले की बाकीचे फार लांब जात नाहीत.

---

बसून बसून गुडघे दुखत असतील तर रिकिबीचा (पाय ठेवायच्या कडीचा) पट्टा एक भोक लांब करून बघा. मला फार फरक पडला.

---

अंधार पडल्यावर तळाकडे परतताना वाटाड्याने सगळ्यांच्या डोक्यावरचे दिवे विझवायला लावले. घोड्याला अंधारात आपल्यापेक्षा बरंच चांगलं दिसतं, पण उजेडातून अंधाराला सरावायला त्याला वेळ लागतो. एका बाजूला दरी होती. लगाम सैल सोडून मी आयाळ धरून बसले. इतका भरवसा मी क्वचितच कुणावर टाकला असेल.

रात्रीसाठी वाटाड्याने एवढंच सांगितलं: चरण्याचा आवाज येतोय तोवर झोपा, सगळ्यांचे कान एकाच दिशेला वळले तर उठा.

---

माझा अनुभव काळजीचा आहे, तरी लिहितो. संध्याकाळी माझा घोडा चारा खाईना. मान वळवून सारखा कुशीकडे बघायचा, पुढच्या पायाने जमीन उकरायचा. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटदुखी जिवावर बेतू शकते. फोनला रेंज नव्हती. घोडेवाल्याने कुशीला कान लावून आतड्यांचा आवाज ऐकला, पुढचा चारा उचलला आणि आम्ही आळीपाळीने त्याला हळूहळू फिरवत राहिलो. तो लोळायला गुडघे टेकू लागला की उठवायचं, परत चालायचं. पहाटे त्याने लीद टाकली आणि थोड्या वेळाने गवताला तोंड लावलं. आम्ही दोघं अक्षरशः रडलो. त्या दिवशी त्याच्यावर काहीही लादलं नाही. मी त्याची दोरी धरून खालपर्यंत चालत आलो; खाली डॉक्टरांनी तपासून तो बरा असल्याचं सांगितलं.