आधी ‘स्वामी’ की आधी ‘शाळा’?

जुनेपान
तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांना ऐतिहासिक कादंबऱ्याच द्याव्यात, त्यांतून संस्कार होतात आणि ‘शाळा’सारखी पुस्तके अठरानंतर वाचू द्यावीत, असे काल ‘गडवाटा’ यांनी येथे लिहिले. दुर्लक्ष करणार होतो, पण राहवले नाही. मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’चा नायक मुकुंद नववीत आहे; अठराव्या वर्षी त्याला भेटणे म्हणजे पाऊस पडून गेल्यावर छत्री उघडणे. मी नववीत असताना कादंबरीला खाकी कव्हर घालून त्यावर ‘भूगोल’ असे लिहीत असे. एकदा वर्गशिक्षकांनी ते उघडून पाहिले आणि पुस्तक कपाटात गेले ते कायमचेच.

गडवाटा
आपल्या जप्त झालेल्या पुस्तकाचा राग माझ्यावर काढू नये. 1761 मध्ये, पानिपतानंतर काही महिन्यांतच, माधवरावांनी सोळाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रे स्वीकारली. सोळा वर्षांच्या वाचकाने त्यांना ओळखावे की वर्गातल्या शिरोडकर या मुलीच्या मागावर राहणाऱ्या मुकुंदाला?

मनस्विनी
याच माधवरावांवरच्या, रणजित देसाईंच्या ‘स्वामी’ कादंबरीचा शेवट आपल्या स्मरणात आहे ना? माझ्या चौदा वर्षांच्या मुलीने माधवरावांच्या पत्नी रमाबाईंच्या सती जाण्यापाशी पानांत बोट ठेवून पुस्तक मिटले आणि विचारले, “तिला कुणी हाताला धरून मागे का नाही ओढलं?” मला उत्तर सुचले नाही. नववीतल्या मुलाला एखादी मुलगी आवडली तर संस्कार बिघडतात आणि चितेवर चढणारी तरुण पत्नी मात्र चालते, हा हिशेब मला तरी समजत नाही.

गडवाटा
तो प्रसंग लेखकाने रचलेला नाही, घडलेला आहे. त्या काळाला आजची फूटपट्टी लावू नये.

टाचणवही
प्रसंग घडला, पण त्यातले संवाद कोणत्या बखरीत सापडतात? वक्तृत्व स्पर्धांत परीक्षक म्हणून बसतो तेव्हा मुले देसाईंच्याच शिवाजी महाराजांवरील ‘श्रीमान योगी’तील वाक्ये ‘महाराज म्हणाले’ असे सांगून बेधडक फेकतात आणि पालक टाळ्या वाजवतात. त्याच कादंबरीला विचारवंत नरहर कुरुंदकरांचे दीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून जोडलेले आहे. ते सर्वांत आधी वाचायला हवे आणि नेमके तेच ओलांडून मुले थेट पहिल्या प्रकरणावर जातात.

गडवाटा
कुरुंदकरांच्या आडून मला इतिहास शिकवू नका. ती प्रस्तावना मी दोनदा वाचली आहे. कादंबरीच हाती घेतली नाही, तर ही मुले अस्सल कागदपत्रांपर्यंत कधी पोहोचणार? मी स्वतः त्याच वाटेने पोहोचलो.

टाचणवही
आपण पोहोचलात, हे मान्य. माझ्यासमोर बोलणारी बहुतेक मुले मात्र संवादांपाशीच मुक्काम करतात.

जुनेपान
विषय पुस्तके कोणत्या वयात द्यावीत हा होता, इतिहास कशाला म्हणावे हा नव्हे.

मनस्विनी
मग वयाचेच बोलते. ‘शाळा’ आणीबाणीच्या काळात घडते. आज तेरा वर्षांच्या मुलाला 1975 साल जवळजवळ पेशवाईइतकेच लांबचे वाटते. त्या कादंबरीतली सरकारची भीती त्याला कुणीतरी समजावूनच सांगावी लागेल. ती समकालीन उरलीच कुठे?

गडवाटा
म्हणजे माझ्याच नियमाने ‘शाळा’ तेराव्या वर्षी देण्यास पात्र ठरली. अभिनंदन. माझ्या कपाटात ती आता ‘पानिपत’ या ऐतिहासिक कादंबरीच्या शेजारी ठेवतो, पुतण्याने मागितली तर देईनही, पण ‘स्वामी’ वाचून झाल्यावरच.