ट्रेड्स हॉल बघायला कोण कोण येतंय?

नमस्कार मंडळी,
पुढच्या महिन्यात एखाद्या शनिवारी आपल्या मेलबर्नमधल्या कार्लटनचा ट्रेड्स हॉल, म्हणजे कामगार संघटनांची जुनी इमारत, बघायला जाऊ या का? सोबत गाईड असेल. दहा डोकी जमली तरच बोलणी करते. जेवण नंतर लायगन स्ट्रीटवर, ज्याचं त्याने.
– सचिव

---

युनियनच्या ऑफिसात बघायचं काय? त्यापेक्षा बार्बेक्यू ठेवा.
– ब्रन्सविककर

---

अरे ब्रन्सविककर, मलाही हेच वाटायचं. गेल्या वर्षी लेकीने ओढून नेलं.

आधी मूळ नाव ऐक: ट्रेड्स हॉल अँड लिटररी इन्स्टिट्यूट. २१ एप्रिल १८५६ ला विद्यापीठाच्या बांधकामावरचे पाथरवट काम टाकून पार्लमेंट हाऊसपर्यंत चालत गेले आणि पगार न कापता आठ तासांचा दिवस पदरात पाडून घेतला. मग हाती आलेल्या वेळात वाचायला, शिकायला जागा हवी, म्हणून १८५९ मध्ये लाकूड-पत्र्याचा हॉल उभारला. आत्ताची इमारत जोसेफ रीडच्या आराखड्याची, १८७४ पासून पन्नासेक वर्षं टप्प्याटप्प्याने वाढत गेली. इथे कारागिरांसाठी चित्रकलेचे वर्ग भरायचे. ज्याच्या चित्रांपुढे आपण भारतातून आलेल्या पाहुण्यांना उभं करतो, तो मॅककबिन इथलाच विद्यार्थी.

माझ्या मनात राहिला तो मात्र जिना. दगडी पायऱ्या मधोमध झिजून बशीसारख्या झाल्यात. मी चप्पल काढून त्या खळग्यात पाऊल ठेवून बघितलं. बरोब्बर बसलं. लेक म्हणाली, आई, लोक बघतायत!

१८८२ मध्ये शिवणकाम करणाऱ्या बायकांनी संप केला, त्यानंतर मागच्या बाजूला त्यांच्यासाठी वेगळा हॉल झाला होता. तो १९६० मध्ये पाडला. पाडायला तोच सापडला!

आणि हो, १९१५ मध्ये इथे तिजोरी फोडायला चोर शिरले होते. गोळीबारात एक पोलीस शिपाई गेला. गोळ्यांची भोकं अजून दाखवतात.
– कार्लटनवाली मावशी

---

मावशी, माझे आजोबा परळला गिरणीत बदली कामगार होते. आपल्या नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना काढली, तरी रविवारची सुट्टी मिळायला १८९० उजाडलं. आठ तास नव्हे हो, नुसता रविवार! इथल्या पाथरवटांनंतर चौतीस वर्षांनी. हॉलसमोरच्या चौकातला ८-८-८ (आठ तास काम, आठ तास करमणूक, आठ तास विश्रांती) लिहिलेला खांब मी ट्राममधून कितीदा पाहिला, उतरलो कधीच नाही.
मी आणि नातू, दोन नावं लिहा. फक्त माझ्या गुडघ्यांचं काय ते बघा.
– काका

---

काका, लिफ्टचं विचारून कळवते. सात झाले, अजून तीन हवेत.
– सचिव

---

पोरांनी मावशींची मेल वाचली. आता भोकं बघायचीच म्हणतायत. आमचे तीन धरा. पार्किंग कुठे मिळेल?
– ब्रन्सविककर