‘ईरे’ गटातील ‘इस्क’

मूळ रूपाच्या शेवटावरून पडणारे आरे, एरे आणि ईरे हे तीन गट ओळखून प्रत्यय जोडले की इटालियनची नियमित क्रियापदे हाताशी येतात, असे एक मत मांडले जाते; ते पहिल्या दोन गटांपुरते मला मान्य आहे. तिसऱ्या गटाला मात्र वर्तमानकाळात दोन फाटे फुटतात आणि त्यांचा उल्लेख त्या मतात येत नाही. दोर्मीरे (झोपणे) याचे ‘मी’साठीचे रूप दोर्मो होते, तर कापीरे (समजणे) याचे कापो न होता कापीस्को होते. हा ‘इस्क’ (रोमन लेखनात isc) एकवचनाच्या तिन्ही पुरुषांत आणि तृतीय पुरुषी अनेकवचनात येतो; कापिआमो (आम्ही समजतो) व कापीते (तुम्ही समजता) या रूपांत आघात, म्हणजे उच्चारातला जोर, प्रत्ययावर असल्याने तो येत नाही.

कोणते क्रियापद कोणत्या फाट्याचे, हे ओळखण्यासाठी मूळ रूपाच्या रोमन लेखनातील शेवटून पाचवे अक्षर पाहावे. ते स्वर असेल (कापीरे म्हणजे capire, त्यात a; तसेच फिनीरे, पुलीरे) तर बहुधा ‘इस्क’ येतो आणि व्यंजन असेल (दोर्मीरे, पार्तीरे, सेंतीरे) तर बहुधा येत नाही. ‘बहुधा’ हा शब्द येथे जपून वापरला आहे, कारण कूचीरे (शिवणे) स्वर असूनही कूचो होते, आणि कोस्त्रुईरे (बांधणे) व्यंजन असूनही कोस्त्रुईस्को.