लिमिटर आणि नमुन्यांमधली छुपी शिखरे
लिमिटरची (ध्वनीची पातळी ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणाऱ्या साधनाची) मर्यादा उणे ०.१ डेसिबलवर, म्हणजे डिजिटल कमाल पातळीच्या किंचित खाली, ठेवली की पुरे, हे मत मला धोक्याचे वाटते. साधा लिमिटर फक्त नमुन्यांची, म्हणजे डिजिटल ध्वनीत ठरावीक अंतराने मोजलेल्या बिंदूंची, मूल्ये पाहतो. ध्वनी पुन्हा अ‍ॅनालॉग होताना मात्र दोन नमुन्यांमधली लहर त्यांच्याहून उंच जाऊ शकते. ४८ किलोहर्ट्झवर घेतलेल्या १२ किलोहर्ट्झच्या साइन लहरीचे नमुने ४५ अंशांच्या फेजवर (म्हणजे शिखराच्या दोन्ही बाजूंना) पडले, तर खरे शिखर त्यांच्याहून सुमारे ३ डेसिबल वर असते आणि साध्या मीटरवर त्याची खूणही दिसत नाही. म्हणून किमान चौपट ओव्हरसॅम्पलिंग करणारा (नमुन्यांमधली मूल्येही काढून खरे शिखर पाहणारा) ट्रू पीक लिमिटर वापरावा आणि मर्यादा उणे १ डेसिबल ठेवावी; युरोपीय प्रसारणाची ध्वनिपातळीविषयीची आर १२८ शिफारसही हीच मर्यादा सांगते. एमपी३ करताना शिखरे आणखी वाढू शकतात, तेव्हा डीकोड केलेली फाइलही अवश्य मोजावी.