बुश हवेत आवळले म्हणून गाडी पुढून खाली बसली, हे पटत नाही

पुढचे बुश (आर्मच्या सांध्यातले रबरी तुकडे) बदलल्यावर एकाची गाडी पुढून खाली बसली. गाडी उचललेली, चाकं लोंबकळत असताना कंट्रोल आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्यांचे) बोल्ट आवळले म्हणून तसं झालं, असं त्यावर कुणीतरी म्हटलंय. तसे बोल्ट आवळणं चूकच, पण परिणाम उलटा होतो. बुशचं रबर आर्मच्या त्या खालच्या स्थितीत पकडलं जातं आणि गाडी जमिनीवर आली की पिळ खाऊन आर्मला वर जायला विरोध करतं. म्हणजे गाडी उंच राहते, आणि बुश लवकर फाटतात ते वेगळंच. बोल्ट सैल करून, गाडी चाकांवर उभी ठेवून पुन्हा आवळाच, पण त्याने उंची मिळेल ही आशा नको.

माझ्याकडे हेच झालं होतं तेव्हा स्प्रिंग नवीन, बुश नवीन, तरी पुढून दीड-एक सेंटीमीटर कमी. आठवडाभर स्प्रिंगवाल्याला शिव्या घातल्या. शेवटी कचऱ्याच्या डब्यात जुन्या स्प्रिंगच्या डोक्याला चिकटलेली काळी, दगडासारखी झालेली रबरी चकती सापडली. मी तिला वाळलेलं ग्रीस समजलो होतो, म्हणून नव्या स्प्रिंगवर ती बसलीच नव्हती! जाडी जेमतेम 8 मिमी. पण डबल विशबोनमध्ये (चाकाला वर-खाली दोन आर्म असलेल्या सस्पेन्शनमध्ये) स्प्रिंग आर्मच्या साधारण मध्यावर बसते, त्यामुळे तिथले 8 मिमी चाकापाशी जवळपास दुप्पट होतात. हिशेब जुळला.

आणि उंची जमिनीपासून नको, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. टायर बदलले असतील तर उगाच फसाल. टॉर्शन बार (गुंडाळीच्या स्प्रिंगऐवजी पिळ खाणारी दांडी) असेल तर मात्र आधी स्प्लाइनचा, म्हणजे तिच्या टोकावरच्या खाचांचा, दात चुकलाय का ते बघा.