नाताळचं जर्मन जेवण: कोंबडीसोबत काय काय?

दोनबर्नर: २५ तारखेला आठ माणसं जेवायला आहेत. जर्मनीत नाताळला हंस भाजतात, पण नाशकात तो कुठून आणणार, म्हणून ओटीजीत अख्खी कोंबडी. सोबत जांभळा कोबी आणि बटाट्याचे गोळे, म्हणजे क्लोसं. दोघं शाकाहारी, अंडंही चालत नाही. मागच्या वेळी कोबी निळाकरडा पडला आणि गोळे पाण्यात विरघळले. तिसरं बटाट्याचं सॅलड करू का?

आंबटगोड: कोबीचा रंग आंबटपणावर टिकतो. आंबट कमी पडलं की तो निळा होतो, आणि बोअरचं जड पाणी असेल तर लवकरच. दीड किलो कोबी बारीक चिरा, चिरल्याबरोबर ४ चमचे व्हिनेगर चोळा. तुपावर कांदा परता, २ आंबटसर सफरचंदं, ४ लवंगा, २ चमचे साखर, मीठ आणि कोबी घाला. वर पेलाभर पाणी किंवा रेड वाइन (नाशकात तिची काय वाण!). झाकून मंद आचेवर पाऊण ते एक तास. कुकर नको, लगदा होतो. ॲल्युमिनियमचं किंवा लोखंडी भांडंही नको, आंबट त्याला लागतं. आपलं तमालपत्र दालचिनीच्या जवळच्या झाडाचं, जर्मन पाककृतीतलं लॉरबेअरचं पान वेगळं. घातलंच तर अर्धं पान. आदल्या दिवशी करून ठेवा, मुरल्यावर चव चढते. एक बर्नरही मोकळा राहतो.

पुरणयंत्र: गोळे विरघळतात ते बटाट्यातल्या पाण्यामुळे. नवा, पातळ सालीचा बटाटा नको. चिप्सचा पिठूळ घ्या. दीड किलो आदल्या रात्री सालासकट उकडा, सोलून उघडे ठेवा, सकाळी पुरणयंत्रातून काढा. मिक्सर लावलात तर खळ होईल. त्यात २५० ग्रॅम बटाट्याचा स्टार्च, मीठ, किसलेलं जायफळ. स्टार्च पुरेसा असेल तर अंड्याशिवाय गोळा धरतो. प्रत्येकाच्या पोटात तुपात तळलेला पावाचा तुकडा. मळल्यावर लगेच वळा. पीठ ठेवलं की पाणी सुटतं.

आधी एकच गोळा सोडून बघा. फुटला तर आणखी दोन चमचे स्टार्च. पाणी खळखळ उकळत असेल तर चांगला गोळाही फुटतो, नुसतं हलत राहावं. वर तरंगल्यावरही दहा मिनिटं आत राहू द्या. पातेलं पसरट हवं, गर्दी नको.

दोनबर्नर: स्टार्च नाही मिळाला तर कॉर्नफ्लोअर?

पुरणयंत्र: चालेल, चिकटपणा थोडा कमी. मैदा मात्र नको, गोळे चिवट होतात.

आंबटगोड: सॅलड वगळा. ते २४ च्या संध्याकाळचं, सॉसेजबरोबरचं. ताटात दोनदा बटाटा कशाला? त्याऐवजी शाकाहाऱ्यांसाठी मश्रूमचा दाट रस्सा करा. कोंबडीच्या रश्शाशिवाय क्लोसं कोरडी लागतात, आणि तो रस्सा त्यांना चालणार नाही.