मदत हवी आहे: जिप्सी 5 इंच उचलली, आता ब्रेकचे होज आखूड पडून राहिले

नमस्कार मंडळी. गाडी जिप्सी किंग, 1.3 पेट्रोल. राहणं नागपूरला, संत्र्याची बाग काटोलकडे. बागेपर्यंतचा शेवटचा दीड किलोमीटर सगळी काळी माती, पावसाळ्यात टायर फिरतच नाही, चिखलाचा गोळा फिरतो. म्हणून मागच्या महिन्यात कमानी ॲक्सलच्या खालून काढून वर बसवल्या, ज्याला स्प्रिंग ओव्हर म्हणतात ते काम. गाडी मस्त उभी राहिली, पण ज्यानं काम केलं त्यानं ब्रेकचे होज, म्हणजे चाकाकडे ब्रेक ऑइल नेणारे लवचीक पाइप, जुनेच ठेवले. विचारलं तर म्हणे, काही नाही होत भाऊ, पुरून राहिले ना.

रविवारी ग्रीसिंगसाठी चेसिसखाली जॅक लावला आणि पुढची दोन्ही चाकं लोंबकळली तेव्हा पाहिलं, होज एकतारीच्या तारेसारखे ताणलेले. स्टिअरिंग डावीकडे पूर्ण कापलं तर उजव्या होजनं चेसिसवरची ब्रॅकेटच वाकवली. मागे ॲक्सलवर जो मधला एकच होज उतरतो त्याचीही तीच गत. म्हणजे उद्या नाल्यात एक चाक खाली गेलं की होज तुटला समजा. मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइलला दाब देणारा) दुहेरी, म्हणजे दोन वेगळ्या लाइनचा आहे, अर्धे ब्रेक राहतील हे मला समजते, पण अर्ध्या ब्रेकवर काटोल रोडच्या ट्रकांमध्ये घुसायची हिंमत नाही. बाबांचं म्हणणं, बंडीला कुठं होता होज.

आतापर्यंत जे सुचलं ते सांगतो. हिंगणा एमआयडीसीत हायड्रॉलिक होज बनवून देणारा एक आहे, जेसीबीचे पाइप करतो, तो म्हणे लांबी सांग, अर्ध्या तासात दाबून देतो, आणि त्याचा पाइप ब्रेकपेक्षा जास्त प्रेशर झेलते. स्वस्तही आहे. दुसरं, एका मित्राकडे जुन्या जीपचे लांब होज पडून आहेत, ते चढतील का. तिसरं, स्टीलच्या जाळीवाले टेफ्लॉन होज मापानं मागवायचे, पण ते महाग. दोरी लावून मोजलं तर पुढे साडेसतरा इंच आलं. किती जास्त धरू? अजून एक, लांब शॉक ॲब्सॉर्बर पुढच्या महिन्यात टाकणार आहे, सध्या जुनेच आहेत. (गाडीत बदल करण्याबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि आरटीओचं माहीत आहे, तो वाद दुसरीकडे घालू, इथं फक्त होज.)

उत्तर, चिखलराजा:
हायड्रॉलिकवाल्याकडे अजिबात जाऊ नको. प्रेशरचा प्रश्नच नाही, प्रश्न आतल्या रबराचा आहे. जेसीबीच्या पाइपात आतून बहुतेक नायट्राइल रबर असते, ते खनिज तेलासाठी. आपला डॉट 3, डॉट 4 ब्रेक ऑइल म्हणतात खरं पण ते तेल नाहीच, ग्लायकॉलवालं द्रव आहे, त्यानं नायट्राइल फुगते, मऊ पडते, आणि त्याचे कण सुटून कॅलिपरकडे, म्हणजे चाकाशी ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाकडे, जातात. ब्रेकच्या होजमध्ये ईपीडीएम रबर असते, त्याला ग्लायकॉल चालते पण इंजिन ऑइल लागलं की ते खराब. म्हणून होजवर एसएई जे1401, म्हणजे ब्रेकच्या होजचं मानक, छापलेलं पाहून घे. बनवणारा फक्त प्रेशर सांगत असेल आणि आत रबर कोणतं हे सांगत नसेल तर चहा पिऊन परत ये.

उत्तर, जुनीजीप:
मित्राचे होज चढवायच्या आधी आटे पाहा रे बाबा. जुन्या विलीजच्या घराण्यातल्या जीपांना 3/8 इंच, इंचाला 24 आट्यांचा नट असतो आणि जपानी गाड्यांना एम10 बाय 1.0, म्हणजे 10 मिलिमीटर जाडीचा, 1 मिलिमीटरला एक आटा. 3/8 म्हणजे 9.5 मिलिमीटर, त्यामुळे तो नट एम10 च्या भोकात दोन-चार आटे गोड जातो, घट्ट झाल्यासारखाही वाटतो, आणि जोरात पेडल दाबलं की सुटतो. पाइपाच्या तोंडाचा फ्लेअरही (पसरवलेली कड) जुळला पाहिजे, नाही तर कितीही आवळा, गळतच राहील. कॅलिपरकडे बँजो बोल्ट (मधून भोक असलेला, ज्यातून ब्रेक ऑइल जाते) असेल तर तांब्याचे वॉशर नवेच टाक, जुने परत वापरायची काटकसर नको.

उत्तर, चिखलराजा:
आणि साडेसतरा विसर. शॉक बदलणार आहेस ना, मग ते माप आजच बाद झालं. चाक किती लोंबकळणार हे शॉक ठरवतो. आधी लांब शॉक बसव, मग चेसिस स्टँडवर घेऊन चाकं पूर्ण सोड, स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेऊन मोज, एक चाक वर एक खाली करूनही मोज. जिथं सगळ्यात जास्त आलं त्यावर इंच-दीड इंच ढील. सगळ्यात खालच्या स्थितीत शॉक ताणला गेला पाहिजे, होज नाही. उलटं पण पाहा, चाक पूर्ण वर दाबलं की तोच लांब होज टायरला घासायला नको. चिखलात जाळीवाला होज घेशील तर वरून प्लास्टिकचं आवरण असलेलाच घे, उघड्या जाळीत माती-रेती शिरते आणि ती जाळी ज्याला घासेल त्याला कानशीसारखी खाते.

मागे एलएसपीव्ही असेल, म्हणजे तो दांडीवाला व्हॉल्व्ह जो ॲक्सलला जोडलेला असतो, तर त्याची दांडीही सेट करावी लागेल. गाडी उचलली की त्याला वाटते मागे वजनच नाही, आणि तो मागचे ब्रेक कमी करून टाकते. ॲक्सलचा ब्रीदर पाइपही (आतली हवा बाहेर सोडणारा) पाहून घे, तोही ताणला गेला असेल.

मूळ धागा टाकणारा, तीन आठवड्यांनी:
काम झालं, उशिरा लिहून राहिलो, बागेत बहाराची गडबड होती. शॉक आधी टाकले. नवं माप पुढे साडेएकोणीस आलं, म्हणजे जुन्या मापानं मागवले असते तर परत आखूडच. 21 इंची, आवरणवाले टेफ्लॉन मागवले, नट एम10 चेच सांगितले आणि मिळाल्यावर हातानं शेवटपर्यंत फिरवून पाहिले, मग पाना लावला. मागच्यालाही तसंच माप घेऊन नवा टाकला. होजवरची रेघ सरळ ठेवली, पीळ पडू दिला नाही. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक, माझ्याकडे मागचं डावं, तिथून सुरुवात. मग इंजिन चालू ठेवून मुलाला पूर्ण जोरानं पेडल दाबून बसवलं आणि मी खाली टॉर्च घेऊन एकेक जोड पाहिला. कोरडे. एलएसपीव्हीची दांडी खरंच हललेली होती, तिची ब्रॅकेट खाली घेतली, आता मोकळ्या मैदानात जोरात ब्रेक मारला तर चारही चाकं धरतात आणि मागची आधी लॉक होत नाहीत.

जुना उजवा होज काढला तर ब्रॅकेटच्या तोंडाशी रबराला चीर होती, बाहेरून दिसतही नव्हती, वाकवली की नखानं उघडत होती. कारागिराला नेऊन दाखवली. तो म्हणे, पुढच्या गाडीला सांगीन.